पंचविसाव्या कागदाचा वास

सर्व संबंधितांस, आणि विशेषेकरून सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या सुज्ञ जनतेस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक दस्तगीर, मूळ गाव आटपाडी, हल्ली मुक्काम सातारा, यांनी एका सभ्य गृहस्थास बावीस वर्षांपूर्वी दिलेला शब्द पाळला नसून, तो पाळण्याची कोणतीही व्यवस्था न करता ते एकेचाळीस दिवसांपूर्वी परस्पर निघून गेले आहेत. सदर सभ्य गृहस्थ म्हणजे प्रस्तुत लेखक. जनतेने याची नोंद घ्यावी.

दस्त्या, जाहीर निवेदन संपलं. आता आपण दोघंच.

हे निवेदन मी तुझ्या कॉलेजच्या फळ्यावर लावणार होतो. काल आष्ट्याहून साताऱ्याला येताना एसटीत ते पुटपुटत होतो. पुटपुटता पुटपुटता आवाज कधी चढला कळलं नाही, आणि शेजारच्या बाईंनी पिशवी उचलून जागा बदलली. हे तुला सांगायचं होतं. सध्या हाच त्रास आहे. काही गमतीचं घडलं की आधी तुला सांगायचं ठरतं, आणि मग आठवतं.

शब्द कसला, ते बाकीच्यांना कळायला हवं. आपली बी.एस्सी.ची शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा. सांगलीच्या कॉलेजचा वरचा मजला, बंद दार. आत तू आणि साताऱ्याहून आलेले परीक्षक, बाहेर बाकावर मी. आत टेबलावर तुझा पंचविसावा कागद, ज्याला लसणाच्या फोडणीचा वास येत होता. परीक्षकांचा आवाज एकदम चढला, शब्द मात्र कळले नाहीत. मग तू बाहेर आलास. मी विचारलं, “काय म्हणाला रं?” तू म्हणालास, “सांगीन की कवातरी.”

बावीस वर्षं तुझं हे ‘कवातरी’ चाललं.

ते वर्ष मला आठवतं ते वासांनी. फाल्गुन लागला की सांगलीच्या पेठेत नवी हळद उतरायची आणि वारा तिकडून आला की वसतिगृहाच्या दोरीवर वाळणारे सदरे पिवळट व्हायचे. तुझ्याकडे पांढरा सदरा एकच. तू तो आतून बाहेर करून वाळत घालायचास. माझ्याकडे दोन होते, पण ही युक्ती मला सुचली नव्हती. कृष्णेचं पाणी आटून वाळू उघडी पडायची, तिच्यात कलिंगडांचे वाफे दिसायचे. परीक्षेला महिना उरलेला असायचा आणि आपल्याला त्याच महिन्यात सगळं जग बघायचं असायचं. संध्याकाळी द्राक्षवाल्याकडे घडावरून गळालेले सुटे मणी कागदात मिळायचे. तू एकेक मणी उजेडाला धरून त्यातल्या बिया मोजायचास, मगच खायचास. मी मूठ भरून तोंडात टाकायचो. त्यावरून तू म्हणायचास, “रंग्या, तुला शास्त्र यायचं न्हाई. तुला नुसतं ग्वाड लागतंय.”

खरं होतं ते. शास्त्र तुला यायचं, मला आवाज होता. सकाळी घाटावर बसून मी झाडांची लॅटिन नावं रंगभूमीवरच्या आवाजात म्हणायचो. दोन्ही हात वर, मान मागे. कपडे धुणाऱ्या एका म्हातारीनं एकदा धुणं थांबवून तुला विचारलं, “हे कुठल्या द्येवाचं म्हणतुया वं?” तू गंभीरपणे सांगितलंस, “झाडांच्या.” म्हातारीनं ओल्या हातानं नमस्कार केला. त्या दिवसापासून ती आपल्याला तिच्या धुण्याच्या दगडाशेजारी सावलीतली जागा राखून ठेवायची, आणि उशीर झाला तर “आज आरती न्हाई व्हय?” म्हणून विचारायची.

आणि मग दुपारी डबा.

नव्या मुलांना हे सांगितलं तर खोटं वाटतं. आपल्या आया गावी पहाटे भाकरी थापायच्या, डबा फडक्यात बांधायच्या आणि सकाळच्या एसटीत ड्रायव्हरच्या मागं ठेवून द्यायच्या. दुपारी स्टँडवर आपण पोरं घोळका करून उभी. माझा डबा आष्ट्याहून यायचा, अर्ध्या-पाऊण तासात, भाकरीला अजून ऊब असायची. तुझा आटपाडीहून. माणदेशाची सगळी धूळ खात तो बाराच्या पुढं पोचायचा. पण स्टँडवर तुझाच डबा राजा. तुझे अब्बा कल्हईवाले. तीन खणांचा तो पितळी डबा महिन्यातून एकदा गावी जायचा आणि आतून चांदीसारखा होऊन परत यायचा. कंडक्टर तो खिडकीतून बाहेर काढताना म्हणायचा, “ए कल्हई, ने तुझा आरसा.” झाकणात बघून पोरं भांग पाडायची. त्यात असायचं काय, तर बाजरीची भाकरी, हुलग्याची उसळ, ठेचा. तेही तू डबा कापडानं पुसत, सावकाश, मानानं खायचास.

त्या कल्हईनंच त्या वर्षी सगळं अडवलं होतं. नवसागराचा धूर छातीत जाऊन अब्बांचा खोकला थांबत नव्हता. त्यांनी दिवाळीत तुला सांगितलं होतं, “औंदा पास झालास तर पुढं शीक. न्हाई झालास तर ये, भाता वढायला माणूस लागतोय.” तू हे मला एकदाच सांगितलंस, सायकलवर, मी मागं बसलेला असताना. तुझं तोंड मला दिसत नव्हतं.

आता हर्बेरियम. वर्तमानपत्रांच्या घडीत झाडं दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची, खाली नावगाव लिहायचं. असे पंचवीस कागद. आपल्या सरांची अट होती की त्यात निदान एक वेल कोरड्या मुलखातला हवा, नाहीतर त्यांची सही नाही, आणि सही नाही तर परीक्षा नाही. तू दिवाळीत आटपाडीहून तसा वेल आणला होतास. निवडुंगाच्या कुंपणावर चढणारा, जाड पानांचा, हिरवट फुलांचे झुबके असलेला. तो तुझ्या गादीखाली मार्चपर्यंत सुखरूप वाळला. आपण दोघं पाच महिने झाडांवर झोपत होतो. माझ्या गादीखालची झाडं मात्र मी ताणून दिल्यामुळे चुरली, ती निराळी गोष्ट.

परीक्षेच्या तीन दिवस आधी तो वेल नाहीसा झाला. मी तुला सांगितलं, उंदरानं नेला.

दस्त्या, उंदीर नव्हता.

तू लायब्ररीत गेला होतास. मला भडंग खायचं होतं, आणि खाली पसरायला कागद हवा होता. तुझ्या गादीचं टोक वर झालं होतं आणि त्यातून एक वर्तमानपत्र डोकावत होतं. मी ते ओढलं, त्यावर भडंग ओतलं आणि घाटावरच्या आवाजात स्वतःशीच भाषण करत खाल्लं. मग उठलो आणि कागद खिडकीतून झटकला. शेंगदाण्याच्या साली गेल्या, लसणाच्या तळलेल्या पाकळ्या गेल्या, आणि त्यांच्यामागून एक लांब, चपटं, तपकिरी काहीतरी हवेत गिरक्या घेत खाली उतरलं. खाली पाण्याचा हौद होता. मी धावत गेलो तोवर त्याची पानं वेगवेगळ्या दिशांना पोहत होती.

हे मी तुला सांगणार होतो. आधी तू परीक्षेचं सांगायचंस, मग मी हे सांगायचं, असा माझा मनातला सौदा होता. तू सांगत नव्हतास, म्हणून मीही थांबलो. आता कळतं, ते सोयीचं होतं मला.

तू रागावला नाहीस. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा गावी जायचा, त्यात तू चिठ्ठी घातलीस. मी शेजारीच होतो, म्हणून मजकूर पाठ आहे. ‘अम्मा, कुंपणावरचा तो वेल लगेच पाठव. मुळासकट हवा. फुलं असली तर लय बरं. परीक्षेला लागतोय.’ अम्मांना वाचता येत नव्हतं, शेजारची मुलगी वाचून दाखवायची. दुसऱ्या दिवशी डब्यात वेल नव्हता. तू डबा तसाच बंद केलास. तिसऱ्या दिवशी, म्हणजे परीक्षेच्या आदल्या दुपारी, कंडक्टरनं डबा दिला तो नेहमीपेक्षा जड. तू स्टँडवरच उकिडवा बसून झाकण उघडलंस.

वरच्या खणात भाजी. मधल्या खणात भाजी. खालच्या खणात भाकरी, आणि तिच्यावर त्या मुलीच्या अक्षरात चिठ्ठी: ‘काल वेल सापडला न्हाई, आज वढ्यापल्याड गावला. मुळं कडू लागत्यात म्हणून टाकली. फुलं घातल्यात. पोटभर खा आणि परीक्षा दे.’

मी हसायला लागलो तो थांबेचना. कंडक्टरनं विचारलं, “काय झालं रं, कोण पास झालं?” तू हसला नाहीस. डब्याकडे बघत एवढंच म्हणालास, “पोरगं वेल कागदावर चिकटवायला मागतंय, हे तिला कसं खरं वाटंल?” बरोबरच होतं तिचं. तीन दिवसांवर परीक्षा असलेलं लेकरू गावचा पाला मागतंय, म्हणजे त्याला भूक लागली असणार. तिनं फुलंसुद्धा घातली होती.

मग आपण वसतिगृहाच्या गच्चीवर ती भाजी निवडायला बसलो. शिजलेल्या भाजीतून पुन्हा झाड तयार करायचं, असं काम विद्यापीठाच्या इतिहासात कुणी केलं नसेल. एक अख्खं पान, एक देठ, दोन फुलांचे झुबके एवढंच शाबूत निघालं. तू ते कपड्याच्या साबणानं धुतलंस, टिपकागदात घातलंस, आणि तापलेल्या गच्चीवर विटेखाली ठेवलंस. उरलेल्या भाजीचं काय करायचं, हा प्रश्न मी सोडवला. दस्त्या, इतकी चवदार भाजी मी जन्मात खाल्ली नाही. लसणीचा तो खरपूस वास, फुलांचा किंचित तुरटपणा. मी “खा की, खा की” करत होतो. तू म्हणालास, “तू खा. माझं पोट भरलंय.” मला वाटलं, परीक्षेची धास्ती. दोन्ही खण मी एकट्यानं संपवले, आणि पुढं बावीस वर्षं तुझ्याशी भांडलो की अर्धी भाजी तू खाल्लीस. तू कधी नाही म्हणाला नाहीस. नुसता हसायचास.

संध्याकाळी पान वाळलं, पण तेल काही सुटलं नव्हतं. कागदावर पानाभोवती पिवळं वर्तुळ उमटलं. सरांना सर्दी झाली होती, त्यांनी न हुंगता सही केली. दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. मार्चच्या उन्हात कोट आणि टाय, बुटात तोंड दिसेल असं पॉलिश, आणि बोलणं सगळं इंग्रजीत. माझी परीक्षा चार मिनिटांत आटोपली. चुरलेल्या झाडांकडे बघून त्यांनी नुसता हात हलवला, आणि मी पुढं आयुष्यभर साखर कारखान्यात वजनकाट्यावर बसलो, ते योग्यच झालं. तू आत गेलास तो बाहेर येईना. मी दाराला कान लावला. काही कळेना, म्हणून बाकावर परतलो. मग परीक्षकांचा तो एक चढलेला आवाज. बाकावर बसून मी अब्बांच्या भात्याचा विचार करत होतो, आणि खिडकीतून झटकलेल्या त्या कागदाचा.

तू बाहेर आलास तेव्हा तुझे डोळे लाल होते. पण चेहरा रडक्या माणसाचा नव्हता. निकाल लागला, तू पहिल्या वर्गात. दोन वर्षांनी त्याच परीक्षकांनी साताऱ्यात त्यांच्या विभागात तुला डेमॉन्स्ट्रेटर म्हणून घेतलं. म्हणजे आत काहीतरी झालं होतं. काय झालं होतं?

मी काय काय तर्क केले. तू पाया पडलास. तू लाच म्हणून भाजी दिलीस. परीक्षकांना वासच येत नव्हता. एकदा अजिंक्यताऱ्यावर चढताना मी म्हणालो, “तू सांगणार नसशील तर मी इथून उडी घेईन.” तू म्हणालास, “घे. खाली वड आहे, अडकशील. मी सांगीन तवा उतर.” आणि एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितली होती. तुझ्या प्रयोगशाळेत मुलं हर्बेरियम घेऊन यायची, तेव्हा प्रत्येक कागद तू आधी नाकाशी धरायचास. मुलं एकमेकांकडे बघून हसायची. मला वाटायचं, मी समोर आहे म्हणून मला चिडवायला करतोस. परवा तुझ्या एका विद्यार्थ्यानं सांगितलं, तू रोजच तसं करायचास.

काल तुझा चाळिसावा झाला. दुआ झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. जुबेदाभाभी चुलीपाशी मोठी पातेली पालथी घालत होत्या. अशा वेळी असलं काही विचारू नये हे मला कळत होतं. मी तीनदा उठलो, तीनदा बसलो. चौथ्यांदा भाभीच म्हणाल्या, “इचारा की रंगाभाऊ. हे सांगूनच गेल्यात, मी गेल्यावर रंग्या येईल, नुसता घुटमळत बसंल, त्याला सांगून टाक.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“लगीन झाल्यापास्नं.”

“मग मलाच का नाही सांगितलं?”

“आवं, तुमच्या कानावर गेलं की आष्ट्याच्या बाजारात पोचलं. परीक्षा घेतलेल्या सरांनी बाहेर बोलू नको म्हणून सांगितलं होतं. सर गेल्यावर सांगणार होते, तवर तुमी असं तडफडायला लागला होता की ह्यांना मजाच याला लागली.”

मी म्हणालो, “भाभी, त्याआधी मला एक कबूल करायचंय. तो उंदीर…”

“तुमी होता,” भाभी म्हणाल्या. “हौदात शेंगदाण्याच्या साली आणि पानं संगंच तरंगत होती. त्यांनी त्याच सांजेला बघितलं.”

तू बघितलं होतंस. आणि त्यानंतर चिठ्ठी लिहिताना मला शेजारी बसवून घेतलंस, भाजीचे दोन्ही खण मला दिलेस, आणि उंदराचा विषय निघाला की “लय मोठा असंल रं उंदीर” एवढंच म्हणत राहिलास. दस्त्या, मी तुझ्याशी भाजीवरून भांडत होतो.

“आणि ती भाजी हे खायचे न्हाईत,” भाभी पुढं म्हणाल्या. “दुष्काळाच्या साली घरात दुसरं कायच नव्हतं. दोन महिने तीच, तीही मिठाशिवाय. त्या डब्यात सासूबाईंनी लसूण घातली, त्याल घातलं. त्यास्नी वाटलं, आता पोराला नीट करून घालावी. ह्यांच्यानं घास उचलला न्हाई. पण वास कधी इसरले न्हाईत.”

मी विचारलं, “आत काय झालं, भाभी?”

त्यांनी पातेलं खाली ठेवलं. परीक्षकांनी कागद उचलला, इंग्रजीत झाडाचं नाव विचारलं. तू सांगितलंस. कुळ विचारलं, तेही सांगितलंस. मग त्यांनी पिवळ्या वर्तुळावर बोट ठेवलं, वाकून वास घेतला. पुन्हा घेतला. टाय सैल केला. “कुठला तू?” हे मराठीत. तू आटपाडी म्हणालास. ते स्वतः माणदेशातले, दहिवडीकडचे, हे सांगलीत कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, “आईनं केली?” तू सगळं खरं सांगितलंस, वेल हरवल्यापासून साबणापर्यंत. माझं नाव घेतलं नाहीस. तो पंचविसावा कागद त्यांच्या हातात तसाच होता. मग चष्मा काढून कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, आणि बाहेर बाकावर बसलेल्या मला नुसता आवाज ऐकू जावा इतक्या जोरात ते बोलून गेले:

“आरं, मग नुसतीच भाजी काय आणलीस, भाकरी कुठाय?”